सहाव्या हेन्रीचं आजारपण

शनिवारी सकाळी नाश्त्याच्या बश्या बाजूला सारून वल्लरीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. समोर तिचे सासरे, पुरुषोत्तम कानडे, फुलस्केप कागदांचा गठ्ठा हातात घेऊन तयारच बसले होते. संगमनेरच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं इतिहास शिकवला होता. एम.ए.ला इंग्लंडचा मध्ययुगीन इतिहास घेतला होता, आणि त्यातल्या एका राजाने त्यांना जे धरलं ते कायमचं. सहावा हेन्री. त्याच्यावर मराठीत एकही धड पुस्तक नाही, ही त्यांची जुनी तक्रार. बायको गेल्यावर ते ऑकलंडला मुलाकडे राहायला आले आणि टाकानिनीच्या नव्या वसाहतीतल्या या दोन मजली घरात त्यांनी ते पुस्तक लिहायला घेतलं. लिहायचं ते हाताने. टाईप करायची वल्लरी.

"घे," ते म्हणाले. "प्रकरण नववे. राजाचे आजारपण."

वल्लरीने मथळा टाईप केला.

"'इसवी सन १४५३च्या उन्हाळ्यात, फ्रान्समधल्या शेवटच्या मोठ्या पराभवानंतर थोड्याच दिवसांत, राजाचे भान एकाएकी हरपले. तो बोलेना, कोणाला ओळखेना. त्याला दोन माणसांनी आधार देऊन एका दालनातून दुसऱ्या दालनात न्यावे लागे. ऑक्टोबरमध्ये राणीला मुलगा झाला, लग्नानंतर आठ वर्षांनी. जानेवारीत एका सरदाराने ते बाळ राजासमोर आणले आणि आशीर्वाद देण्याची विनंती केली. राजाने उत्तर दिले नाही. मग राणीने स्वतः बाळाला पुढे धरले. राजाने एकदा बाळाकडे पाहिले आणि पुन्हा नजर खाली घातली. बस, तेवढेच.' झालं टाईप?"

"झालं," वल्लरी म्हणाली, पण तिचे हात मागच्या ओळीवरच थांबले होते. मंगळवारी तिची लेक इरा शाळेतून पोहण्याच्या स्पर्धेचं सर्टिफिकेट घेऊन आली होती. दप्तर खांद्यावरच ठेवून वर गेली, बाबाच्या खोलीत. वल्लरी दारात उभी होती. रणजितने, तिच्या नवऱ्याने, सर्टिफिकेटकडे पाहिलं, इराकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दहा वर्षांची पोरगी खाली आली आणि म्हणाली, "ही इज टायर्ड, आय थिंक."

"पुढे घे," पुरुषोत्तम म्हणाले. "'या दुर्बलतेची मुळे राजाच्या स्वभावातच होती. जो शेवटी भेटेल त्याचे तो ऐकत असे. नकार देणे त्याला कधी जमले नाही. कणा नसलेला माणूस सिंहासनावर बसला की...'"

"बाबा, आज एवढंच पुरे."

"अगं, जेमतेम एक पान झालंय."

"इराला स्विमिंगला सोडायचंय," ती म्हणाली. स्विमिंग अकराला होतं आणि आत्ता साडेनऊ वाजले होते, पण ती उठली.

रणजित तेरा मेपासून घरी होता. त्या दिवशी तो नेहमीसारखा आवरून गॅरेजमध्ये गेला. अर्ध्या तासाने वल्लरी कचऱ्याचा डबा ढकलत बाहेर आली तेव्हा तो गाडीतच बसला होता. इंजिन बंद, सीटबेल्ट लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. "काय झालं?" तिने विचारलं. तो म्हणाला, "काही नाही." तिने दार उघडलं, बेल्ट काढला, आणि तो तिच्यामागून घरात आला, वर गेला, बुटांसकट पलंगावर आडवा झाला.

त्याच्या आधीच्या वर्षी कंपनीने त्याला मॅनेजर केलं होतं. तो चांगला प्रोग्रामर होता, कोणाशी वाद न घालणारा, म्हणून केलं असावं. मग कंपनीची फेररचना आली आणि त्याच्या अकरा जणांच्या टीममधले पाच जण गेले. त्यांत क्षितिज होता. क्षितिज आणि तो विद्यार्थी असताना क्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये एका खोलीत राहिले होते, दोन वर्षं, एका हीटरवर. इराच्या प्रत्येक वाढदिवसाला क्षितिज हजर असायचा. आता त्याचा फोन येत नव्हता. वल्लरीला एवढंच माहीत होतं. बाकीचं रणजितने सांगितलं नाही आणि नंतर तर तो काहीच सांगेना.

सुरुवातीला तिने त्याला झोपू दिलं. दुसऱ्या आठवड्यात जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, वेळ घेतली. तो उठला नाही. फोन करून वेळ रद्द केली, दुसरी घेतली. तेव्हाही उठला नाही. रिसेप्शनवरची बाई दोन्ही वेळा गोड आवाजात "नो वरीज" म्हणाली. तिसऱ्या वेळी वल्लरीने रद्द करायला फोनसुद्धा केला नाही. पुण्याला आईला सांगितलं, कामात आहे खूप. मैत्रिणींना सांगितलं, फ्लू आहे. स्वतः ती एका इंजिनिअरिंग फर्ममध्ये पावसाच्या पाण्याच्या गटारांची डिझाइन्स करायची. तिथे तिने काहीच सांगितलं नाही. सकाळी डबे, इराची शाळा, मीटिंगा, संध्याकाळी इराला आणणं, स्वयंपाक, वर ताट नेणं, अर्धं भरलेलं ताट खाली आणणं.

या सगळ्यात पुरुषोत्तम एकच वाक्य बोलायचे. "थकलाय तो. होईल बरा." आणि दोन-तीन दिवसांआड जिना चढून बंद दारासमोर उभे राहायचे. "रणजित, उठ. माणसाने असं पडून राहू नये. अंघोळ कर, चार पावलं चाल, आपोआप बरं वाटेल." आतून उत्तर यायचं नाही. ते खाली येऊन पुन्हा कागद उघडायचे.

एचआरचं पत्र आलं ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. रणजितला बरं वाटत असेल अशी आशा आहे, परत रुजू होण्याचा आराखडा ठरवायला तारीख कळवावी. रणजितचे मेल वल्लरीच बघत होती. तिने ते पत्र त्याला वाचून दाखवलं. तो छताकडे बघत राहिला. तिने दोन दिवस वाट पाहिली आणि मग त्याच्या नावाने उत्तर लिहिलं. सोमवार, सात जुलै. निदान एक तारीख तरी असावी, असं तिला वाटलं. मेल गेल्यावर तिने सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "उत्तम केलंस. मुदत असली की माणूस हलतो."

जूनच्या चौथ्या रविवारी पापाकुराच्या कम्युनिटी हॉलमध्ये मराठी ज्येष्ठांच्या मंडळाने पुरुषोत्तमांचं व्याख्यान ठेवलं होतं. आठ दिवस आधीपासून ते टिपणं काढत होते. रणजितने गाडीने न्यावं, पहिल्या रांगेत बसावं, अशी त्यांची इच्छा होती. दुपारी एकला ते कोट घालून दारासमोर उभे राहिले. "मी दोनदा सांगून ठेवलं होतं तुला. लोक विचारतील, मुलगा कुठेय." पाच मिनिटं थांबून ते खाली आले, तेव्हा त्यांच्या मानेची शीर फुगली होती. गाडी वल्लरीनेच काढली. इराला तिने शेजारच्यांकडे सोडलं.

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. चहा, बटाटेपोहे, कोपऱ्यात दोन हीटर. पुरुषोत्तम उभे राहिले आणि पहिल्या पाच मिनिटांत वल्लरीच्या लक्षात आलं, की हा माणूस शिक्षक म्हणून किती मोठा असेल. टिपणांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"नऊ महिन्यांचाही नव्हता तो, तेव्हा राजा झाला," ते म्हणाले. "बाप एवढा पराक्रमी की अर्धा फ्रान्स जिंकून ठेवलेला. पोराला ना लढाईची हौस, ना दरबाराची. त्याला प्रार्थना करायला आवडायची, शाळा बांधायला आवडायच्या. काका, चुलतभाऊ, सरदार, प्रत्येकाने त्याचा हात धरून आपल्याला हवी ती सही घेतली. लग्नात फ्रान्समधला एक सबंध प्रांत देऊन टाकला. मग नॉर्मंडी गेली. मग सगळंच गेलं. आणि एक दिवस तो बसला तो उठलाच नाही. जवळजवळ दीड वर्ष. त्याच्या खुर्चीभोवती सरदार एकमेकांचे गळे धरायला लागले, आणि तिथून पुढे तीस वर्षं इंग्लंड स्वतःशीच लढत राहिलं. का? तर एक दुबळा माणूस नको त्या जागी बसला होता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या रांगेतून शकुमावशींनी हात वर केला. त्या मुंबईच्या एका सरकारी हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स होत्या. आता लेकीकडे, संपदाकडे, पुकेकोहेला राहायच्या आणि मंडळात येताना तिथल्या मळ्यांवरचे कांदे सगळ्यांसाठी आणायच्या.

"सर, एक विचारू का? या दीड वर्षात त्याला भरवत कोण होतं?"

"नोकर होते. राजा होता तो."

"पाठीला जखमा झाल्या असतील, एवढं बसून. कूस कोण बदलायचं? त्याचं काही लिहिलेलं सापडतं का?"

"तसली नोंद मी वाचलेली नाही. वैद्यांना कोणते उपचार करायची परवानगी दिली, त्याची यादी आहे. रेचकं, लेप, गुळण्या, रक्त काढणं, डोकं भादरणं."

"म्हणजे एवढे हाल झाले त्याचे," शकुमावशी म्हणाल्या. "आणि तरी तुम्ही त्याला दुबळा म्हणता."

"राजा म्हणून दुबळा. माणूस म्हणून नव्हे."

"पण आजारी माणूसच पडतो ना, सर."

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. पुरुषोत्तम हसले नाहीत. "आजार आधी की दुबळेपणा आधी, हा इतिहासातला जुना वाद आहे, शकुताई. तो नर्सिंगने सुटायचा नाही."

"असेल," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

परतताना ग्रेट साऊथ रोडवर ते धुसफुसत होते. "सबंध कारकीर्द सांगितली मी. पन्नास वर्षांचं राजकारण. आणि हिला प्रश्न काय पडला, कूस कोण बदलायचं. दर वेळी असंच होतं. अभ्यास आपण करायचा आणि—"

वल्लरीने इंडिकेटर दिला आणि गाडी एका डेअरीच्या समोर लावली. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान. काचेवर फ्रोझन कोकच्या मोठ्या जाहिराती होत्या. पुरुषोत्तमांना वाटलं दूध घ्यायचंय.

"बाबा," ती समोर बघत म्हणाली, "सहा आठवडे झाले. रणजितची कूस कोण बदलतंय?"

"म्हणजे?"

"मी बदलते. अंघोळीला हात धरून नेते. काल केस धुतले त्याचे. तुम्ही नवव्या प्रकरणात जे लिहिलंय ना, इराने सर्टिफिकेट दाखवलं तेव्हा अगदी तेच झालं. एकदा बघितलं आणि मान फिरवली. मी ते टाईप करत होते आणि तुम्ही समोर बसून विचारत होतात, झालं का टाईप."

पुरुषोत्तमांनी सीटबेल्ट सोडला, पुन्हा लावला.

"पाचशे सत्तर वर्षांपूर्वीचा माणूस तुम्हाला एवढा दिसतो," वल्लरी म्हणाली.  "वरच्या खोलीतला दिसत नाही. आणि मला आता जमत नाहीये. मी कोणाला सांगू? तुम्हाला सांगितलं की तुम्ही म्हणता, थकलाय. थकलेय मी."

"मी जातो की त्याच्या दाराशी," ते हळूच म्हणाले.

"दाराशीच जाता."

तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

सोमवारी वल्लरी घरूनच काम करत होती. इरा शाळेत गेली होती. दहाच्या सुमाराला पुरुषोत्तमांनी स्वतः चहा केला. साखर कुठे असते हे त्यांना दोनदा विचारावं लागलं. कप घेऊन ते वर गेले, दार ढकलून आत शिरले आणि त्यांचा आवाज खालपर्यंत यायला लागला. ते समजावत होते. वल्लरी कॉलवर होती. तिने माईक बंद केला. मग कॉलच सोडला आणि जिन्यावर गेली.

"...आणि नाताळाच्या सुमाराला तो शुद्धीवर आला," पुरुषोत्तम खुर्चीवर बसून सांगत होते. "एकाएकी. राणीने मुलाला आणलं, त्याने विचारलं, नाव काय ठेवलंय? तिने सांगितलं, एडवर्ड. त्याने हात जोडून देवाचे आभार मानले. म्हणाला, इतके दिवस मी कुठे होतो, कोण काय बोललं, मला काहीच माहीत नाही. म्हणजे बघ, त्या काळात, औषध नसताना, माणूस यातून बाहेर आला. तू तर..."

"मग पुढे काय झालं त्याचं?"

रणजितचा आवाज घोगरा होता. वल्लरीने त्याचं सबंध वाक्य कितीतरी दिवसांनी ऐकलं.

"कोणाचं?" पुरुषोत्तम गोंधळले.

"तुमच्या राजाचं. नाताळात बरा झाला. मग?"

पुरुषोत्तमांनी चष्मा काढला. खोटं सांगणं शक्य होतं, पण त्यांना इतिहास खोटा सांगता येत नसे. "पाच महिन्यांनी सेंट ऑल्बन्सला लढाई झाली."

"त्याला नेलं तिथे."

"न्यावंच लागलं. राजा होता."

"मानेला बाण लागला त्याच्या."

"तुला आठवतंय?"

"शेवटी तुरुंगात मारला त्याला. मधे एकदा बाहेर काढलं, जुना निळा झगा घालून गावातून फिरवलं, राजा आहे अजून हे लोकांना दाखवायला." रणजित छताकडे बघत बोलत होता. "नववीत तुम्ही मला वर्गात उभं केलं होतंत. नॉर्मंडी का गेली, सांग. मला येत होतं. तोंडातून शब्द फुटला नाही. तुम्ही वर्गाला म्हणालात, हा बघा आमचा सहावा हेन्री. वर्षभर शाळेत मला तेच नाव होतं."

"मी असं म्हणालो?"

"म्हणालात."

पुरुषोत्तम आठवायचा प्रयत्न करत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हजारो तास त्यांनी शिकवले होते. त्यातलं एक वाक्य त्यांना सापडेना.

"बरा झाल्यावर त्याला कोणी विचारलं नाही, तुला परत बसायचंय का तिथे," रणजित म्हणाला. "मला नाही बसायचं, बाबा. क्षितिजचं नाव मी घातलं यादीत. वरून सांगितलं, पाच नावं दे. चार झाली होती. पाचवं कोणाचं घालणार? त्याला मूल नाही, असा विचार केला मी. त्याला नाही म्हणता येईल असं वाटलं नाही मला. म्हणजे वरच्यांना. मी एकदाही नाही म्हणालो नाही. मग त्याला समोर बसवून कागद वाचून दाखवला. तो म्हणाला, स्वीट ॲज, मेट. काही हरकत नाही म्हणे. एवढंच. आणि गेला."  मग त्याने मान वळवून दाराकडे, वल्लरीकडे, पाहिलं. "आणि तू सात जुलै कळवून टाकलंस."

वल्लरीला वाटलं होतं की तो पुन्हा बोलेल तेव्हा तिला रडू येईल. तिला राग आला.

"कोणीतरी कळवायलाच हवं होतं."

"मला विचारलं नाहीस."

"वाचून दाखवलं होतं मी तुला. दोन दिवस थांबले. विचारलं असतं तर उत्तर दिलं असतंस?"

त्याने डोळ्यांवर हात आडवा घेतला.

"हे क्षितिजचं मला सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "मी काय केलं असतं? ओरडले असते? बरं, ओरडले असते. सहा आठवडे मी सगळ्यांशी खोटं बोलतेय, तुझ्या नावाने मेल लिहितेय, पोरीला सांगतेय डॅड दमलाय, आणि तू भिंतीकडे तोंड करून..."  तिने चहाचा कप उचलला, तो गार झाला होता, आणि तो तसाच हातात घेऊन ती उभी राहिली.

"मला बोलता येत नव्हतं, वल्लरी," तो म्हणाला. "मुद्दाम नव्हतो गप्प."

पुरुषोत्तम खुर्चीवरून उठले आणि पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी पांघरुणावरून रणजितच्या पायावर हात ठेवला.  बराच वेळ ते तसेच बसून राहिले. त्यांना असं गप्प बसलेलं वल्लरीने त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ती खाली आली आणि एचआरला मेल लिहिला, की सात जुलै ही तारीख तिने परस्पर कळवली होती, ती रद्द समजावी. खाली स्वतःचं नाव घातलं.

गुरुवारी रणजित जीपीकडे गेला. सोबत पुरुषोत्तम गेले. दोन तास ते वेटिंग रूममध्ये मासिकं चाळत बसले. डॉक्टरीणबाईंनी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत रणजितला आत घेतलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं. गोळ्या दिल्या. पहिल्या गोळ्यांनी त्याला मळमळायला लागलं, त्या बदलल्या. समुपदेशकाची वेळ सात आठवड्यांनंतरची मिळाली. त्या सात आठवड्यांत काही दिवस तो खाली येऊन इरासोबत जेवला आणि काही दिवस परत भिंतीकडे वळला. वल्लरीला दर वेळी वाटायचं, आता झालं, आणि दर वेळी तसं व्हायचं नाही.

पुरुषोत्तमांनी तिला सांगितलं, नववं प्रकरण आत्ता नको टाईप करूस, त्यात बरंच बदलायचंय. ते कागद घेऊन बसायचे, पण लिहायचे नाहीत. त्याऐवजी ते स्वयंपाकघरात घोटाळायला लागले. कांदा कसा चिरायचा, कुकरला किती पाणी, एकेक गोष्ट तिला मीटिंगच्या मधे येऊन विचारायचे. ही मदत आहे की आणखी एक काम, हे तिला ठरवता येत नसे. एकदा ती त्यांच्यावर खेकसली. ते सॉरी म्हणाले. चौतीस वर्षांच्या मास्तरकीत हा शब्द त्यांनी किती वेळा वापरला असेल, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला आणखीच वाईट वाटलं.

ऑगस्टच्या शेवटी रणजितने राजीनामा पाठवला. पाठवून झाल्यावर तिला सांगितलं.

"एकदा विचारायचंस तरी," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर धीर झाला नसता."

तिला यावर बोलण्यासारखं खूप होतं. जूनमध्ये तिनेही तेच केलं होतं, हेही तिला माहीत होतं. ती कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात निघून गेली. दोरीवर इराचे ओले टॉग्ज, पोहण्याचे कपडे, चिमट्यांनी लावताना तिने दोन चिमटे मोडले.

क्षितिज आता पुन्हा क्राइस्टचर्चला होता. रणजितने त्याला तीन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा त्याने उचलला. बोलणं चार मिनिटं चाललं. "काय म्हणाला?" वल्लरीने विचारलं. "ऐकून घेतलं. म्हणाला, बरं झालं सांगितलंस, पण आत्ता मला तुझ्याशी बोलायचं नाहीये." रणजितने फोन टेबलावर ठेवला आणि त्या दिवशी तो वर गेला नाही. मागच्या पायरीवर बसून राहिला. पुरुषोत्तम जाऊन त्याच्या शेजारी बसले. दोघं पाठमोरे, सारख्याच पोक काढलेल्या खांद्यांचे.

ऑक्टोबरात एका रविवारी सकाळी अकरा वाजता वल्लरीने गाडीची किल्ली उचलली. कुठे जाते हे तिने सांगितलं नाही, कारण तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. मोटरवेवरून दक्षिणेला, मग काराकाच्या बाजूने, हिरव्या कुरणांमधून ती क्लार्क्स बीचला पोचली. ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, मधे नुसता करडा चिखल आणि त्यात चोची खुपसणारे पक्षी. ती एका बाकावर बसली. तिला वाटलं होतं इथे मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. मेपासूनचे सगळे दिवस तिच्या डोक्यात एकापाठोपाठ एक येत राहिले, आणि प्रत्येक दिवसाबद्दल तिला कोणावर तरी रागावता येत होतं. रणजितवर, बाबांवर, रिसेप्शनवरच्या त्या गोड आवाजाच्या बाईवर, क्षितिजवर, स्वतःवर. तिने कोणालाच सोडलं नाही. सावकाश, एकेकाला घेतलं.

साडेबाराला फोन वाजला. रणजित.

"कुठेयस?"

"क्लार्क्स बीचला."

"एकटी?"

"हो."

 मागे पुरुषोत्तमांचा आवाज येत होता, इराला काहीतरी सांगत होते, आणि इरा म्हणत होती, "आजोबा, दॅट्स वे टू मच मीठ."

"कधी येशील?" रणजितने विचारलं.

"माहीत नाही."

"बरं. आम्ही जेवून घेतो मग," तो म्हणाला. "तुझ्यासाठी ठेवतो."

ती फोन हातात धरून बसली. त्याने थोडं तरी विचारायला हवं होतं, असं तिला वाटलं. विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, हेही तिला माहीत नव्हतं. पाणी अजून लांबच होतं. तिने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि आणखी तासभर तिथेच बसायचं ठरवलं.